पुलाच्या मध्यापर्यंत

सुदामा नगरात आमच्या गल्लीतलं कुणी बेटम्याकडून परत आलं, की भय्यासाहेब मुळ्ये त्याला फाटकातच गाठत आणि विचारत, "पूल कसा आहे?"

येणारा कशासाठी गेला होता, हे त्यांच्या लेखी गौण होतं. एकदा समोरचे देशपांडे धारला चुलत्यांचं दहावं उरकून आले. चेहरा उतरलेला, प्रवासाने अंग मोडलेलं. भय्यासाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, अशा वेळी जेवढं गप्प राहायचं तेवढं राहिले, आणि मग हळूच म्हणाले, "जाताना नजर गेलीच असेल. कठडा शाबूत आहे?"

"ठीक आहे" एवढं उत्तर चालत नसे. पाणी कुठवर आलंय, दगडांच्या सांध्यातून पिंपळ फुटलाय का, कठड्यावर कोण बसलं होतं, सगळं सांगावं लागे. ज्यांना हे माहीत होतं ते लोक बसच्या खिडकीशी बसून पुलाचा अभ्यास करत. ज्यांना कंटाळा होता ते सरळ खोटं बोलत. देशपांड्यांनी त्या दिवशी पुलावर एक हत्ती पाहिल्याचं सांगितलं. भय्यासाहेब तीन दिवस अस्वस्थ होते.

हा पूल म्हणजे बेटम्याच्या पुढे, धारच्या रस्त्यावर, नदीवरचा जुना दगडी पूल. अलीकडे गोवर्धनची चहाची टपरी, पलीकडे पूल संपताच सेमल्या नावाच्या खेड्याची वेस. इंदूरहून धारला जाणारी प्रत्येक बस त्यावरून जायची आणि जाताना एकाही प्रवाशाची झोप मोडत नसे, इतका तो साधा पूल होता. भय्यासाहेबांना मात्र तो मान्यवर वाटे. मेव्हण्याचं लग्न धारला होतं तेव्हा सगळं वऱ्हाड बसने पुलावरून गेलं आणि हे एकटे महूवरून वळसा घालून, दुपारचं जेवण आटोपल्यावर पोचले. कारण काय, तर एवढ्या माणसांत आणखी आपला भार पुलावर नको. भय्यासाहेबांचं वजन तेव्हा जेमतेम पन्नास किलो असेल, तेही कोट घालून.

मिल चालू होती तोवर भय्यासाहेब मिलमध्ये टाइमकीपर होते. गेटपाशी त्यांची खिडकी. एक मिनिट उशीर झाला की अर्धा दिवस कापलाच. आई आजारी, बस चुकली, सायकल पंक्चर, असली कारणं ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "नोंद घ्या, मी ऐकलं आहे." अर्धा दिवस तरीही कापला जाई. एकदा त्यांचीच सायकल पंक्चर झाली. त्यांनी स्वतःचा अर्धा दिवस कापला आणि संध्याकाळी या अन्यायाची तक्रार घेऊन स्वतःच युनियनच्या ऑफिसात गेले.

त्यांचा एक सिद्धान्त होता आणि तो ते आल्यागेल्याला समजावून सांगत. गेटच्या आत आलेला, पण अजून हजेरीचं कार्ड न लावलेला माणूस हजर नसतो आणि गैरहजरही नसतो. गेटपासून खिडकीपर्यंतच्या त्या दहा-बारा पावलांत त्याला मिलचा कायदा लागू नाही आणि घरचाही नाही. "त्या जागेत माणूस कुणाचाच नोकर नसतो, प्रोफेसर," असं ते मला म्हणत, तेव्हा त्यांचा आवाज थोडा हळवा होई. मला वाटे, गेट आणि खिडकी यांच्यामध्ये उरलेली ती नुसती मोकळी फरशी. तिच्यावर इतकं तत्त्वज्ञान उभं करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग मिल बंद झाली. त्या वर्षांत इंदूरच्या मिल्स एकेक करून बंद पडत होत्या आणि देश खुला होत होता. वर्तमानपत्रात दोन्ही बातम्या शेजारीशेजारी असत, आणि दोन्हींच्या खाली परदेशी कोल्ड्रिंकची जाहिरात. गल्लीत छतांवर केबलच्या छत्र्या उगवल्या. भय्यासाहेबांकडे आता कुणी उशिरा येईना. काही दिवस त्यांनी दूधवाल्याचा टाइम ठेवून पाहिला. दूधवाल्याने त्यांचं दूध बंद केलं. बायकोचा टाइम ठेवण्याचा विचार त्यांच्या मनात आला असावा, पण मालतीवहिनींकडे एकदा नीट पाहून त्यांनी तो सोडला असावा. उरला पूल. तो तक्रार करत नव्हता आणि पळूनही जात नव्हता.

मी एका सरकारी कॉलेजात इतिहास शिकवत होतो, म्हणजे परीक्षेला काय येईल ते मुलांना सांगत होतो. पण भय्यासाहेबांच्या दृष्टीने मी तज्ज्ञ होतो, आणि पूल पाचशे वर्षांचा आहे असं एका तज्ज्ञाने जाहीर करावं अशी त्यांची इच्छा होती. एका रविवारी ते माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि मला पूल दाखवायला घेऊन गेले.

पूल चांगला होता. होळकरी अमदानीच्या शेवटच्या काळातला, काळ्या दगडाचा, चुन्यात बांधलेला. कृष्णपुऱ्यात होळकरांच्या समाध्यांच्या छत्र्यांवर असते तशी नक्षी-बिक्षी काही नाही. कठड्याच्या लोखंडी कांबीवर विलायतेतल्या कारखान्याचं नाव ओतलेलं स्पष्ट दिसत होतं. ते मी दाखवलं, तर म्हणाले, "कठडा मागाहून लावला. कमानी बघा. सात आहेत. सप्तर्षी."

मी म्हटलं, चला, पलीकडे जाऊन त्या बाजूनेही बघू.

"तिकडून काही दिसत नाही," ते म्हणाले. "नोंद घ्या, हा पूल इंदूरकडून बघायचा असतो."

ते पुलाच्या मध्यापर्यंत गेले, एका दगडापाशी थांबले, पलीकडे जरा वेळ पाहिलं आणि मागे फिरले. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. परत येताना गोवर्धनच्या टपरीवर चहा झाला. गोवर्धनने त्यांना पाहून न विचारता अर्धा कप कमी साखरेचा केला, म्हणजे ओळख जुनी होती. माझ्या कानाशी तो म्हणाला, "हर भाईदूज पे आते हैं. बीच तक जाते हैं, लौट आते हैं. अपने को क्या, चाय पीते हैं." भाऊबीजेला भय्यासाहेब घरी नसतात हे गल्लीत सर्वांना ठाऊक होतं. ते स्वतः त्याला पुलाची वार्षिक तपासणी म्हणत. ओवाळणी चुकवायची युक्ती, असं आम्ही म्हणत असू.

नवा पूल व्हायचं ठरलं, तेव्हा खरी गंमत सुरू झाली.

तो जुन्याच्या थोडा वरच्या अंगाला, सरळ रेषेत, गावाला बगल देऊन बांधला गेला. उद्घाटनाला मी भय्यासाहेबांबरोबर होतो. कोनशिलेवर इतकी नावं होती की पुलाचं नाव मावलं नव्हतं. पाहुणे तीन तास उशिरा आले. भय्यासाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांचा अर्धा दिवस कापला, मनातल्या मनात. फीत कापली तेव्हा फोटोग्राफर पाणी प्यायला गेला होता, म्हणून ती गाठ मारून पुन्हा कापली. भाषणात खुल्या बाजारपेठेचा, जलद गतीचा आणि एकविसाव्या शतकाचा उल्लेख झाला. नदीचा झाला नाही. मग गाड्यांचा ताफा पुलावरून पलीकडे गेला, आणि पलीकडे कुणालाच काही काम नसल्यामुळे वळून परत आला. पायी जाणाऱ्यांसाठी त्या पुलावर कडेला वीतभर उंचवटा ठेवला होता. एकविसाव्या शतकात कुणी चालणार नाही असा अंदाज असावा.

त्याच सभेत, जाता जाता, जुना पूल पाडला जाईल असं सांगण्यात आलं. पाण्याला अडथळा होतो म्हणे. दगड ठेकेदार नेणार होता.

भय्यासाहेब त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जुना पूल बचाव समिती स्थापन झाली. अध्यक्ष ते, सचिव मी, मला न विचारता. समितीने बांधकाम खात्याकडे अर्ज केला. खात्याने लगेच उत्तर दिलं. नवा पूल जुन्याच्या जागी बांधला असल्यामुळे कागदोपत्री आता जुना पूल अस्तित्वात नाही, सबब त्याच्याबाबत कार्यवाहीचा प्रश्न उद्भवत नाही. भय्यासाहेबांना यात विजय दिसला. नसलेला पूल पाडणार कसा, असं ते म्हणाले. हयात माणसाला कागदोपत्री मारून त्याची जमीन खाणारे लोक मी पाहिले होते, म्हणून मला त्यात धोकाच दिसला.

खरा उपाय गोवर्धनकडे होता. "भिया, टेंसन कायको ले रिये हो," तो म्हणाला. "बीच में एक पत्थर रख दो, सिंदूर चुपड दो, दो अगरबत्ती. भेरू महाराज हो गए. फिर किसी का बाप नी तोडता."

उपाय अचूक होता. मी तर सिंदूर आणायलाही तयार होतो. पण भय्यासाहेब खवळले. खोटी हजेरी लावायची नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं व्रत. दगडाला देव म्हणून उभं करणं म्हणजे दुसऱ्याचं कार्ड लावणं. पूल वाचेल तर स्वतःच्या वयावर आणि मानावर वाचेल. आणि मग त्यांनी जे काढलं ते इंदुरातल्या मराठी माणसालाच सुचू शकतं. त्यांनी पुलाचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरवलं.

घरातलं वडीलधारं माणूस ऐंशीच्या घरात गेलं की आपण त्याची शांत करतो, दिवे लावून ओवाळतो. एकदा गावादेखत शांत झाली की पूल वडीलधारा होईल आणि वडीलधाऱ्याला कुणी घण घालणार नाही, असा त्यांचा हिशेब. घरोघरच्या वडीलधाऱ्यांचं काय चाललंय याकडे त्यांचं लक्ष नसावं.

कृष्णपुऱ्याच्या बाजूचे एक गुरुजी तयार झाले. त्यांनी आधी वय विचारलं. पाचशे म्हटलं असतं तर शांत नियमात बसली नसती, म्हणून भय्यासाहेबांनी ऐंशी सांगितलं. ज्या पुलाच्या शतकांसाठी त्यांनी माझं डोकं खाल्लं होतं तो एका दुपारी माझ्या वडिलांहून लहान झाला. गुरुजींनी गोत्र विचारलं. भय्यासाहेबांनी क्षणभर नदीकडे पाहिलं आणि स्वतःचंच सांगितलं.

पुलाच्या मध्यावर त्यांच्या त्या दगडापाशी चौरंग मांडला. गोवर्धनने टपरी बंद ठेवली. पलीकडून सेमल्याची बरीच माणसं आली, कारण प्रसाद होता. संकल्प झाला, पूजा झाली. प्रत्येक कमानीच्या माथ्यावर एक असे सात दिवे भय्यासाहेबांनी घरून आणले होते. गुरुजी म्हणाले, आता ओवाळायला घरची सुवासीण हवी. मालतीवहिनी आल्या नव्हत्या. त्यांनी सकाळीच सांगितलं होतं की दगडाची सून व्हायला त्या या घरात आलेल्या नाहीत.

तेवढ्यात सेमल्याच्या गर्दीतून एक साठीकडे झुकलेली बाई पुढे आली. नेसणं माळवी, डोक्यावर पदर, हातात निरांजनाचं ताट. तिने दिवे पाहिले आणि थोड्या गंजलेल्या मराठीत म्हणाली, "दादा, सातच आणले? कमानी नऊ आहेत. दोन आमच्याकडे, बाभळीमागे. तुला तिथून दिसत नाहीत."

मी भय्यासाहेबांकडे पाहिलं. ज्या माणसाला पुलाबद्दल कुणी एक शब्द शिकवलेला खपत नसे, तो खाली मान घालून उभा होता. बाईने आधी कठड्याला ओवाळलं, मग त्यांना. गुरुजींनी हरकत घेतली नाही. माहेरचं गोत्र एकच होतं.

मालतीवहिनींनी दुसऱ्या दिवशी मला चहाला बोलावून सगळं सांगितलं, कांदे चिरता चिरता. "कसला इतिहास हो भाऊजी. ती कुसुम, यांची धाकटी बहीण. कॉलेजात होती, तिथल्याच एका परजातीच्या, पाटीदार मुलाशी लग्न केलं. भला माणूस, सेमल्याच्या शाळेत मास्तर. अप्पांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, देवासमोर यांच्याकडून शपथ घेतली. तिच्या गावात पाऊल टाकणार नाहीस, तिला या घरात घेणार नाहीस. अप्पा वारले, शपथ नाही वारली. मी म्हटलं, अहो, आता कोण बघतंय? तर म्हणाले, नियम म्हणजे नियम. मग यांनीच नियमातून वाट काढली. पूल काही गाव नाही आणि घरही नाही. वर्षातून एकदा मध्यावर जायचं, तिने तिकडून यायचं, ओवाळायचं, परत."

मला मिलच्या गेटमधली ती मोकळी फरशी आठवली. आणि मग दुसरी एक गोष्ट लक्षात आली, ती मी वहिनींना सांगितली नाही. भय्यासाहेबांनी मध्य काढला होता सात कमानींचा. पूल नऊ कमानींचा. म्हणजे इतकी वर्षं ते ज्याला मध्य म्हणत होते तो मध्य नव्हताच. बहीण दर वर्षी जास्त चालून येत होती, आणि बोलली नव्हती.

शांत झाल्यावर पुलाला जेमतेम महिना मिळाला. घण घालणारे मजूर सेमल्याचेच होते. त्यांतल्या काहींनी प्रसाद दोनदा घेतला होता. गोवर्धन मला नंतर म्हणाला, "सिंदूर लगा देते तो सौ साल खडा रेता." मी त्याच्याशी सहमत होतो.

भाऊबीज आली. भय्यासाहेब सकाळपासून ओट्यावर बसून होते. यंदा तपासणीला काही शिल्लक नाही, असं त्यांनी मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. मालतीवहिनींनी पिशवीत चिवडा, अनारसे आणि एक साडी भरली, पिशवी माझ्या स्कूटरच्या हुकाला लावली आणि नवऱ्याला नुसतं "उठा" म्हणाल्या. ते उठले.

जुन्या पुलाच्या जागी दोन्ही काठांना दगडांचे थोटके हात उरले होते. मध्ये नदी, कार्तिकातली, कमरेइतकी. पलीकडच्या थोटक्यावर कुसुमताई ताट घेऊन उभ्या होत्या. भय्यासाहेब अलीकडच्या थोटक्यावर जाऊन उभे राहिले.  एवढ्या अंतरावरून हाक ऐकू गेली नसती. मग कुसुमताईंनी हाताने नव्या पुलाकडे खूण केली.

या पुलाचं दुसरं टोक इकडून स्वच्छ दिसत होतं, त्यामुळे मध्य चुकला नाही. भाऊ इकडून निघाला, बहीण तिकडून, दोघं त्या वीतभर उंचवट्यावरून कठड्याला चिकटून चालत. मी स्कूटर ढकलत मागे होतो. शेजारून ट्रक जात तेव्हा भय्यासाहेबांचा कोट पाठीवर फुगा होऊन उभा राही. एका बसच्या कंडक्टरने दारातून डोकं काढून विचारलं, "ओ बाबूजी, मरने का इरादा है क्या?" त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मध्यावर कुसुमताईंनी काडी ओढली. ट्रक गेला, काडी विझली. दुसरीने वात पेटली, तेवढ्यात बस आली. भय्यासाहेबांनी कोटाचा आडोसा केला. वारा खालून, नदीकडून आला. काडेपेटी संपत आली तशी कुसुमताईंनी ती ताटात ठेवून दिली.

"दादा, इथं दिवा नाही टिकत," त्या म्हणाल्या. "घरी चल."

भय्यासाहेबांनी फुगलेला कोट खाली ओढून घेतला. मग एखाद्या उशिरा आलेल्या कामगाराने खिडकीशी विचारावं तशा आवाजात म्हणाले, "अप्पांना काय सांगू?"

"सांग, सरकारने पूल पाडला."

त्यांनी तिच्या हातातून ताट घेतलं आणि चालू लागले. या माणसाला मी इतक्या भरभर चालताना कधी पाहिलं नव्हतं. विचार केला तर पाय थांबतील अशी त्यांना भीती असावी. कुसुमताई पदर सावरत मागे राहिल्या. त्यांच्या आणि आमच्या मध्ये ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली आणि त्या दिसेनाशा झाल्या.

पूल संपला. भय्यासाहेब खाली रस्त्यावर उतरले आणि थांबले. तिथून एक वाट डावीकडे शेतांत जात होती, एक उजवीकडे कौलांच्या दिशेने. विझलेल्या निरांजनाचं ताट दोन्ही हातांत धरून त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मी मागून जाऊन उभा राहिलो. बहिणीचं घर कुठल्या अंगाला आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.